मंगळवारची कानडी म्हातारी

तीनेक वर्षांपूर्वी नांदेडच्या तरोडा नाक्याकडच्या आमच्या कॉलनीत एक कुजबुज उठली, की आनंदराज मास्तरांच्या धम्मप्रियाच्या अंगात मेलेली माणसं येतात. सगळीच येत नाहीत. ज्यांचं चित्र काढायला घेतलंय, तेवढीच येतात. आणि तीही फक्त मंगळवारी, दुपारी एक ते चार.

बातमी आणली ज्योत्स्नावहिनींनी. त्यांचं स्वयंपाकघर आणि धम्मप्रियाची चित्रं काढायची खोली यांच्यात एकच भिंत, आणि ती बिल्डरनं कशी बांधलीय ते आम्ही सगळे जाणतो. वहिनींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दार आतून बंद, आणि आत एक म्हातारी कानडीत कुणाला तरी फैलावर घेऊन राहिली होती. मधेच खोकायची. मधेच तांब्या आपटायची. धम्मप्रियाला कानडीतलं ओ की ठो येत नाही, आणि मास्तर तर त्या वेळी वाचनालयात.

"मी कुकर खाली उतरवून ठेवला हो, शिट्टीत एखादा शब्द जायचा म्हणून," वहिनी म्हणाल्या.

"पण वहिनी, तुम्हाला तरी कानडी कुठं येतं?"

"शिव्या कळायला भाषा कशाला यावी लागते, व्यंकटकाका?"

माझं फोटो फ्रेमचं दुकान त्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. दिवसभर काच कापायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं ऐकायचं, हा माझा धंदा. त्यातला दुसरा भाग मी जास्त मन लावून करतो, असं आमची मंडळी म्हणतात, आणि ते खोटं नाही. ऐकलेलं अधूनमधून पेपरातही लिहितो.

हीच कुजबुज दुसऱ्या कुणाच्या घराची असती, तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. पण घर आनंदराज मास्तरांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, तिसरं कुणी नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आणि नुसत्या पाठ नाहीत, पाळलेल्या. अमावास्या बघून मुद्दाम प्रवासाला निघणारा हा माणूस. चौकात कुणी उतरून टाकलेलं लिंबू दिसलं की उचलून घरी नेणार, धुणार, आणि सरबत करून पिणार. एकदा मलाही पाजलं होतं, आणि कुठलं लिंबू ते पिऊन झाल्यावर सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून या माणसानं तीस वर्षं पोरांना शिकवलं, की अंगात वगैरे काही येत नसतं. आता त्यांच्याच लेकीच्या अंगात, जिचं चित्र चाललं होतं ती उदगीरची लिंगायत म्हातारी. मला तर त्या आठवड्यात जेवणापेक्षा ही बातमीच जास्त गोड लागली.

पण आधी ही धम्मप्रिया कोण, ते सांगतो.

मूळ गाव नायगावकडचं. चित्रकला नांदेडला आणि पुढं औरंगाबादला शिकली, आता इथल्या एका हायस्कुलात ड्रॉइंगच्या बाई आहे. चाळिशी गाठलीय. शाळा सकाळची, दुपारपासून रंग. तिच्या स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन दोनदा पुण्याला आणि एकदा मुंबईला झालं, पेपरात फोटोही आला. नांदेडात मात्र तिची ओळख वेगळी. ज्यांचा हयातीत फोटोच निघाला नाही, अशा माणसांची चित्रं काढणारी बाई, ही ती ओळख.

आपल्याकडं बैठकीच्या खोलीत वाडवडलांचे फोटो ओळीनं लावतात. मी पन्नास वर्षं तेच फ्रेम करतोय, त्यामुळं सांगतो, प्रत्येक ओळीत एक जागा मोकळी असते. कुणाची आजी फोटोला घाबरायची, कुणाच्या आज्जाच्या गावात फोटोवालाच नव्हता. किल्लारीकडच्या लोकांचे तर होते ते फोटोही घराबरोबर भूकंपात गेले. असे लोक धम्मप्रियाकडं येतात.

सुरुवात घरातूनच झाली. मास्तरांचे वडील मारोती यांचा एकही फोटो नव्हता. धम्मप्रिया औरंगाबादला पहिल्या वर्षाला असताना सुट्टीत आली आणि आजीला, सरजाबाईला, समोर बसवून म्हणाली, "आज्जा कसा होता सांग, मी काढते." सरजाबाई सांगत गेली. सरळ नाक, पाणीदार डोळे, भरघोस मिशा. चित्र झाल्यावर म्हातारी कितीतरी वेळ बघत बसली.

"ह्यो कोण?"

"आज्जा."

"तुझा आज्जा कुठला? ह्यो तर तहसीलदार हाय."

"मग पुसते आणि परत काढते."

"ऱ्हाऊ दे. बरा हाय."

ते चित्र अजून मास्तरांच्या आतल्या खोलीत आहे. सरजाबाईनं जित्या नवऱ्याला जन्मात कधी अहो म्हटलं नव्हतं, चित्रातल्याला म्हणायला लागली. मरेपर्यंत म्हणत होती.

धम्मप्रियानं यातून एक गोष्ट शिकून घेतली. गेलेला माणूस दिसायला कसा होता, हे त्याच्या माणसांना कधी विचारायचं नाही. ही गोष्ट तिनं लातूरला एका कॉलेजात, 'चित्रकारांशी गप्पा' या कार्यक्रमात सांगितली. मीही गेलो होतो. एका चित्राची फ्रेम पोचवायची होती आणि चहा चांगला असतो. तिच्याआधी पुण्याचे एक दाढीवाले चित्रकार पाऊण तास बोलले. त्यांचा अवकाशाशी संवाद चालू आहे, एवढं मला समजलं. अवकाश काय म्हणतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ही उभी राहिली. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, सुरुवात कुठून करता?"

"नाकापासून. नाक बसलं की बाकीचं बसतं," धम्मप्रिया म्हणाली. "आणि दिसायला कशी होती, असं मी विचारत नाही. विचारलं की सगळ्यांच्या आया गोऱ्या होतात, शांत होतात आणि देवीसारख्या होतात. मी विचारते, राग आल्यावर काय करायची? कुठल्या बाजूनं चावायची? दारात कुणी आलं तर आधी तोंड बघायची की पाय? मग घरातल्या सगळ्यांना ओळीनं बसवते. कुणाची हनुवटी घेते, कुणाचं कपाळ घेते. रक्तात असतंच ते, इकडंतिकडं विखुरलेलं."

"आणि तुमची स्वतःची चित्रं?"

"त्यात चेहरे नसतात. पाठमोऱ्या बाया असतात. कुणी दळण घेऊन चाललीय, कुणी बसच्या मागं धावतेय. लोकांसाठी मी चेहरेच चेहरे काढते. स्वतःसाठी काढायला बसले की माणसं पाठ करूनच उभी राहतात."

"असं का, मॅडम?"

"मलाही कळलेलं नाही. कळलं तर बहुतेक त्यांना वळायला सांगेन."

पोरं हसली. दाढीवाले वहीत काहीतरी लिहून घेत होते.

त्या पोरांमध्ये उदगीरच्या गुरुपादप्पांची पुतणी मंजुश्री होती. तिनं घरी सांगितलं, तिचे वडील मन्मथप्पा लातूरला असतात, त्यांनी थोरल्या भावाला फोन केला, आणि पुढच्याच आठवड्यात गुरुपादप्पा नांदेडला हजर. बहात्तरीचे गृहस्थ, उदगीरच्या मोंढ्यात धान्याची आडत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. धम्मप्रियाचं घर विचारत माझ्या दुकानात शिरले, म्हणून मीच घेऊन गेलो. आत बसलोही. कुणी उठ म्हणालं नाही.

"मॅडम, नवं घर बांधलंय," गुरुपादप्पा म्हणाले. "बैठकीत आज्जा हायत, अप्पा हायत. अप्पाच्या बाजूला अव्वाची जागा मोकळी हाय. बसवजयंतीला घरभरणी. त्याच्या आत मला माझी आई पायजे."

"एखादा फोटो?"

त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. त्यांच्याच लग्नातला. चाळीस माणसं ओळीनं उभी, आणि डावीकडं एक बाई नेमकी मागं वळलेली.

"फोटोवाल्यानं बटन दाबलं आन त्याच टायमाला अव्वाला आचाऱ्याची काही चूक दिसली. वळली. जन्मात दुसरा फोटो काढू दिला न्हाई."

त्या फोटोत नागुबाईंचा, म्हणजे गुरुपादप्पांच्या आईचा, एक कान दिसत होता. बुगडीसकट. कान मात्र अव्वल आलेला.

"आधी तिघांकडून काढून घेतलं मॅडम. तिघांनी तीन अव्वा केल्या. एकीलाबी मी ओळखत न्हाई." त्यांनी फोटो टेबलावर सरकवला. "आज्जा, अप्पा भिंतीवर बसतील आन तिची जागा तशीच रिकामी. घर बांधा, घर बांधा म्हणून तीच माझ्या मागं लागायची."

धम्मप्रियानं काम घेतलं. तेव्हा जानेवारी होता, म्हणजे हातात तीनएक महिने.

पहिली बैठक उदगीरला झाली. सगळा वृत्तान्त मला तिच्याकडूनच कळला, आणि मी दोनदा सांगायला लावला. धम्मप्रियानं दोघा भावांना खुर्च्यांवर बसवलं आणि कोळसा काढला.

"नाक माझ्यासारखं घ्या," मन्मथप्पा म्हणाले.

"तुझं नाक मामाचं हाय," गुरुपादप्पा म्हणाले. "अव्वाचं नाक माझ्याकडं आलंय."

"तुझं नाक अव्वाला असतं तर अप्पानं लग्नच केलं नसतं."

"मॅडम, ह्याचं ऐकू नका. हा तिच्या पुढ्यात कधी दोन मिनटं बसला न्हाई."

"आणि तू? तू तर मोंढ्यातच वाढला."

धम्मप्रियानं मधे पडून आपला प्रश्न विचारला, "आईंना राग आला की त्या काय करायच्या?"

"अव्वाला राग? देवमाणूस," मन्मथप्पा म्हणाले. "आवाज म्हणून चढला न्हाई कधी."

तेवढ्यात स्वयंपाकघरात एक भांडं पडलं. पडलं की आपटलं, हे धम्मप्रियाला ठरवता आलं नाही. मग गुरुपादप्पांची बायको सिद्धम्मा चहा घेऊन बाहेर आली. धम्मप्रियानं तिला विचारलं, "मावशी, तुम्ही सांगा ना काही."

"मला इचारू नका बाई. अठरा वर्षं तिच्या हाताखाली काढली, डोक्यावर पदर आन मान खाली. तिचे पाय इचारा, सांगते. तोंड मी बघितलं न्हाई, आन बघायची हौसबी नव्हती."

"दोघींचं जमायचं न्हाई," गुरुपादप्पांनी खुलासा केला.

"जमू दिलं असतं तर जमलं असतं की," म्हणून सिद्धम्मा कप ठेवून उभी राहिली.

"बरं, पाय कसे होते?" धम्मप्रियानं विचारलं.

"डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. उजव्या टाचेला भेग, तिच्यात मेण भरायची. चालताना टाच आधी टेकायची, म्हणून येतेय हे तीन खोल्यांआधी कळायचं."

धम्मप्रियानं ते लिहून घेतलं. पाय चित्रात येणार नव्हते, तरी.

महिनाभरात तिनं चेहरा जुळवला. कपाळ मन्मथप्पांचं, नाक दोघांच्या मधलं, कान फोटोतला. उदगीरला नेऊन दाखवला. मन्मथप्पा म्हणाले, छान आहे. गुरुपादप्पा तिला सोडायला बसस्टँडपर्यंत आले आणि बस लागल्यावर म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का? ही माझी आई हाय का न्हाई, मला सांगताच येईना. माझ्याच ध्यानात न्हाई तिचं तोंड. दिवस उजाडला की मोंढ्यात. घरी आलो की ती आतून इचारायची, 'गुरू, जेवलास का?' मी बाहेरूनच हाव म्हणायचो. आवाज ध्यानात हाय. तोंड गेलं. मन्मथला सांगू नका."

ती परत आली ती माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली.

"काका, हे होत नाही. जोडून जोडून तीन माणसं होतात, एक बाई होत नाही. त्या माणसाला चौथी खोटी आई देऊ का? नाही म्हणून कळवते."

"कळव," मी म्हणालो. खरं तर मला वाईट वाटलं. फ्रेम मीच करणार होतो, सागवानी.

पण तिनं कळवलं नाही. पुढच्या मंगळवारी दुपारी तिच्या खोलीचं दार बंद झालं आणि ज्योत्स्नावहिनींनी कुकर उतरवला.

पुढचे दोन महिने कॉलनीत दुसरा विषय नव्हता. बुधवारी सकाळी वहिनी आदल्या दिवसाचं सांगायच्या. या मंगळवारी म्हातारी हसली. या मंगळवारी रडल्यासारखी वाटली, पण नाक शिंकरून परत शिव्यांवर आली. "बायि मुच्च" हे दोन शब्द तर इतक्यांदा ऐकू आले, की वहिनींनी देगलूरच्या भावजयीला फोन करून अर्थ विचारून घेतला. तोंड बंद कर, असा निघाला.

शेवटी कुणीतरी मास्तरांच्या कानावर घातलं. कुणी घातलं ते मी सांगणार नाही, पण मास्तर त्या दिवशी घरची एक फ्रेम दुरुस्त करायला आले होते. मास्तर तडक घरी गेले.

"धम्मा, लोक काय म्हणून राहिले कळलं का तुला?"

"कळलं, बाबा."

"तुझ्या अंगात येतं म्हणे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? माझा विश्वास न्हाई."

"मग झालं तर."

"झालं कसं? आतमधी बोलतंय कोण?"

"बाबा, मी शब्द दिलाय. सांगता येत नाही. तुमचा माझ्यावर भरवसा आहे ना?"

मास्तर पेचात पडले. त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं, पुराव्याशिवाय कशावर भरवसा ठेवू नका. त्या दिवशी त्यांनी पुरावा मागितला नाही. मात्र पुढच्या रविवारी विहारात माइक लावून अंधश्रद्धेवर दीड तास भाषण केलं. अंगात येणं म्हणजे मनाचा खेळ, हे इतकं पटवून दिलं की टाळ्या थांबेनात. भाषण संपल्यावर दोन बाया त्यांना बाजूला घेऊन विचारायला लागल्या, "मास्तर, आमच्या सासऱ्याला बोलवायचं होतं. मंगळवारीच यावं लागंल का?"

एप्रिलमध्ये चित्र माझ्याकडं फ्रेमला आलं. मी पन्नास वर्षांत हजारो चेहरे काचेखाली घातलेत. पण ते चित्र टेबलावर ठेवलं आणि मी आधी माझं टेबल पुसलं. का ते विचारू नका. बाई तुमच्याकडं बघत नव्हती, तुमच्या जरा खाली बघत होती, तुम्ही घाणेरड्या पायांनी आत आलात असं. डावी भुवई एवढीशी वर. खालचा ओठ दातांत धरलेला, म्हणजे बोलणं तयार आहे, फक्त पाहुणे जायची वाट बघणं चाललंय. आणि या सगळ्यात डोळ्यांच्या कोपऱ्यात हसू. नीट बघितलं तरच दिसणारं.

"काका, तैलचित्राला काच नको," धम्मप्रिया म्हणाली.

"काचेबिगर हार कसा घालतील? डाग पडतील," मी म्हणालो. काच घातली.

बसवजयंतीला आम्ही दोघं उदगीरला पोचलो. घर पाव्हण्यांनी भरलेलं. चित्र भिंतीला लावलं आणि गुरुपादप्पांनी वरचं कापड काढलं. मन्मथप्पा समोरच उभे होते, चौसष्ट वर्षांचे, लातूरला दोन दुकानं. त्यांनी तोंडातली तंबाखू गपकन गिळली आणि टोपी सरळ केली. मागच्या ओळीत एकदोन म्हाताऱ्या होत्या, त्यांनी पदर डोक्यावर ओढले.

गुरुपादप्पा चित्राकडं बघत अगदी हळू म्हणाले, "जेवलो, अव्वा."

मग खाली बसले आणि रडले, आणि रडता रडता हसायलाही लागले, कारण मन्मथप्पांना तंबाखूची उचकी लागली होती. सगळी बैठक हसायला लागली. कुणीतरी सिद्धम्माला पुढं ढकललं, बघ तुझी सासू आली म्हणून. तिनं चित्राकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "नाक जरा मोठं झालंय," आणि आत पुरणाकडं निघून गेली.

फोटो नाही, तिघा चित्रकारांना जमलं नाही, पोटच्या पोरांना सांगता आलं नाही, आणि या परक्या बाईनं म्हातारी जशीच्या तशी उभी केली. मग नांदेडची कुजबुज उदगीरला पोचायला कितीसा वेळ? नागुबाई अंगात आली आणि आपलं चित्र आपणच काढून घेतलं, हे गावभर झालं. माणसं धम्मप्रियाच्या दारात यायला लागली. माहूरच्या गडावरून परतणारी एक जीप वाट वाकडी करून आमच्या कॉलनीत आली, नारळासकट. हदगावच्या एकीला नवऱ्यानं कपाटाची किल्ली कुठं ठेवली तेवढंच विचारायचं होतं. मास्तर दारात उभे राहून एकेकाला परत पाठवायचे आणि प्रत्येकाला समजावून सांगायचे. नारळ मात्र लोक ठेवूनच जायचे. त्या वर्षी मास्तरांच्या घरी चटणी चांगली झाली.

धम्मप्रिया कुणालाच काही बोलली नाही. मलाही नाही, आणि मी काही कमी प्रयत्न केले नाहीत.

गेल्या महिन्यात सिद्धम्मा माझ्या दुकानात आली. नांदेडला तिची लेक सुकन्या असते, नातीचं सर्टिफिकेट फ्रेम करायचं होतं. समोरून मास्तर चालले होते, आणि मागून दोन बाप्ये त्यांना काहीतरी विनवत होते.

"हे अजून चालूच हाय का?" तिनं विचारलं.

"चालू म्हणजे, वाढलंय," मी म्हणालो. "मास्तरांना लोक आता देवरशीचा बाप म्हणतात."

ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाला माझ्यापायी हे ऐकावं लागतंय. तुम्ही पेपरात लिहिता न्हवं? लिहून टाका."

"काय लिहू?"

तिनं सांगितलं. शेवटी म्हणाली, "पोरांनी कुठं बघितलं तिला. मी बघितलं. भांडायचं म्हंजे समोरच्याकडं नीट बघावं लागतंय. पर हे घरात कोणत्या तोंडानं सांगू? तिचं तोंड बघितलं न्हाई म्हणून अठरा वर्षं तिच्या म्होरं आन अठ्ठावीस वर्षं तिच्या माघारी सांगत आले."

"मालकांना कळेल आता."

"कळू द्या. तेंच्या भिंतीवर आई बसली, आता काय काढून ठेवतेत?"

तर खरी गोष्ट अशी. धम्मप्रियाच्या अंगात कधीही कुणी आलेलं नाही. पहिला चेहरा फसलेला बघून सिद्धम्माच पुढं झाली. गुडघ्याच्या डॉक्टरचं निमित्त सांगून सिद्धम्मा दर मंगळवारी उदगीरहून लेकीकडं यायची आणि दुपारी मागच्या गल्लीच्या दारानं धम्मप्रियाच्या खोलीत जायची. एकंदर नऊ मंगळवार. नवऱ्याला सांगायचं नाही, अशी तिची अट होती. तिथं ती सासूसारखी बसायची, सासूसारखी खोकायची, भुवई चढवून ओठ दातांत धरायची आणि सासू तिला कानडीत जे जे बोलायची ते सगळं तिच्याच आवाजात बोलून दाखवायची. धम्मप्रिया समोर बसून काढायची. ज्योत्स्नावहिनींनी ऐकलेली म्हातारी ती.